चक्कर आली? मग गोड बातमीच असणार!

तीन-साडेतीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्रीची जेवणं आटोपून आम्ही सगळी टीव्हीसमोर बसलो होतो. मालिकेतली सून पूजेचं ताट घेऊन जिना उतरत होती. ताट थरथरलं, कुंकू सांडलं आणि बाईसाहेब कोसळल्या. लगेच जाहिराती! पण त्या संपेपर्यंत आमच्या घरात निकाल लागलासुद्धा. चार दिवस राहायला आलेल्या माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "दिवस गेलेत तिला. बघच तू, वहिनी." आणि खरंच, जाहिराती संपल्यावर डॉक्टर आले, त्यांनी नाडी धरली, गालात हसले आणि सगळं घर पेढे आणायला धावलं.

तेवढ्यात आमची सूनबाई सहज म्हणाली, "मलाही हल्ली सकाळी उठलं की गरगरतं."

झालं! नणंदबाईंनी रिमोट बाजूला ठेवला. "काय सांगतेस? अगं, मग आधी बोलायचं नाही का!" चिरंजीव एकदम पंख्याकडे बघायला लागले. आमचे हे वर्तमानपत्रात शिरले. सूनबाई लाजलीबिजली काही नाही, दमल्यासारखी हसली.

मी मात्र तिच्या हातातल्या वाटीकडे बघत होते. वाटीत बर्फ होता. फ्रीजमधले खडे काढून ती कडाकडा चावत बसली होती. दोनेक महिने रोज हा आवाज कानावर येत होता आणि उन्हाळ्याचे दिवस आहेत म्हणून मी सोडून देत होते. त्या रात्री मात्र पोटात गोळा आला. हे चावणं माझ्या ओळखीचं होतं. माझ्या वेळी बर्फ नव्हता, तांदूळ होते एवढंच.

सुपातले तांदूळ

१९९३ सालची गोष्ट सांगते. लग्नाला सात वर्षं झालेली, मुलगा तीन वर्षांचा. तेव्हा तांदूळ घरी निवडावे लागत. दुपारी सूप घेऊन बसले की दोन दाणे सुपात आणि चार माझ्या तोंडात! कच्चे, कोरडे तांदूळ. सासूबाई हसायच्या, "अगं, लग्नात पाऊस पडला असेल तुझ्या!" मीही हसायची. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तांदूळ दिसले की राहवायचंच नाही. डब्यात हात जायचा तो चोरासारखा जायचा.

अशीच एकदा सकाळी पोळ्या लाटता लाटता डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याला धरलं, तरी खाली बसलेच. घरात एकच गडबड उडाली. सासूबाईंनी पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "काही गोड बातमी आहे का गं?" संध्याकाळपर्यंत वाड्यातल्या चार बायका येऊन गेल्या. एकीने तर चिंचेची बोटुकंही आणून दिली. इतके लाड माझे लग्नातसुद्धा झाले नव्हते!

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. बातमी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा आहे, टॉनिक देतो." टॉनिकची बाटली आली. चव गोड, त्यामुळे अर्धी बाटली मुलानेच संपवली. आणि चक्कर? तिचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. मीही नाही. बातमी नाही ना, मग काहीच नाही! बाई चक्कर येऊन पडली तर तिला एकतर दिवस गेले असणार, नाहीतर तिचे नखरे असणार. तिसरं काही असतं हे आम्हांला कुणी दाखवलंच नव्हतं.

कुठे पाहणार हो? सिनेमात नायिका कोसळते ती पाळणा हलायच्या तयारीने, किंवा मग मरायच्या तयारीने. मधलं काही नाही. पायात गोळे येणं, जिना चढताना धाप लागणं, केस मूठमूठ गळणं, संध्याकाळी विनाकारण रडू फुटणं ही दुखणी पडद्यावर यायची कशी? त्यांत बघण्यासारखं काय आहे?

मिलीसाठी ढाळलेले अश्रू

आजाराचा सिनेमा म्हणाल, तर आमच्या पिढीने 'मिली' बघितला. हृषीकेश मुखर्जींचा, १९७५ सालचा. आमच्या गावच्या टॉकीजला तो दोन वर्षांनी आला. मी तेव्हा आठवीत. मावशीबरोबर गेले होते. जया भादुरीची ती हसरी, अल्लड मिली, तिला झालेला तो न बरा होणारा रोग, आणि उपचारांसाठी परदेशी निघालेलं ते विमान. दोघींचे पदर-रुमाल ओलेचिंब झाले. घरी येईपर्यंत मावशी हुंदके देत होती.

आता लिहिताना जीव चरकतो, कारण त्याआधी दोनच वर्षांपूर्वी माझी आई गेली होती. पाचव्या बाळंतपणात. मी अकरा वर्षांची होते. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत सगळं संपलं. "रक्त फार गेलं," एवढंच सगळे म्हणत राहिले. अंगात मुळात होतं किती, हे कुणी विचारलं नाही. आई गोरीपान होती असं आजही नातेवाईक कौतुकाने सांगतात. मला आठवतात ते तिचे तळहात. पांढरे, कागदासारखे. गोरेपणा आणि पांढरेपणा यांतला फरक कळायला मला पुढे तीस वर्षं लागली.

मिलीला झालेला रोग आणि माझ्या आईचं दुखणं ही एकाच घराण्यातली, हे त्या दिवशी टॉकीजमध्ये ना मावशीला ठाऊक होतं, ना मला. मिलीसाठी आम्ही दोघी रडलो. आईच्या थकव्यासाठी ती असताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. पातेल्यात उरेल ते, आणि वर कपभर कडक चहा.

न बुडालेला थेंब

माझं बिंग फुटलं ते २००६ साली, आणि तेही गणपतीत. मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मुलगा सोळा वर्षांचा, तो काही देऊ शकत नव्हता. पण "आई, तू तरी दे," म्हणून मागे लागला. मीही हौसेने रांगेत उभी राहिले.

तिथल्या मुलीने बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब एका निळ्या पाण्यात सोडला. ते मोरचुदाचं पाणी. रक्त पुरेसं दाट असेल, तर थेंब तळाशी जातो. माझ्या पुढच्या गृहस्थांचा थेंब खड्यासारखा सरळ खाली गेला. माझा? तो वरच तरंगत राहिला. मुलीने पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. मग तिने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "काकू, तुमचं रक्त नको. तुम्ही उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा."

रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं. माझं निघालं सहा पूर्णांक आठ!

डॉक्टर रिपोर्टकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "एवढ्यावर तुम्ही चालत कशा होतात?" चालत? अहो, मी त्या आठवड्यात शंभर मोदक केले होते! शरीर सवय करून घेतं. हळूहळू रक्त उतरत गेलं की बाई हळूहळू मंदावते, आणि मग घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच जरा सुस्त झालाय."

मग डॉक्टरांनी विचारलं, "पाळी किती दिवस असते?" हे शेजारी बसलेले. मी म्हटलं, "नेहमीसारखीच." डॉक्टर शहाणे. त्यांनी ह्यांना औषधाच्या दुकानात पिटाळलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा सांगितलं की नऊ-नऊ दिवस जातं, गाठी पडतात, पहिले तीन दिवस रात्री दोनदा उठावं लागतं. किती वर्षं? पाच-सहा तरी. हे कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

गर्भाशयात गाठी होत्या. दोन पिशव्या रक्त चढवलं. द्यायला गेले होते, घेऊन आले! पुढे गोळ्या, मग ऑपरेशन. सहा महिन्यांनी मी जिना चढून वर गेले आणि मध्ये थांबायचं विसरलेच. वर पोचल्यावर लक्षात आलं. तिथेच पायरीवर बसून रडले. तेरा-चौदा वर्षं मी माझा स्वभाव समजत होते तो आजार होता.

मिलीचा रोग बरा होणारा होता!

एकदा धीर करून मी डॉक्टरांना विचारलं, "मिलीला झाला होता तो हाच का हो?" ते मोकळेपणाने हसले आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. पुढे मीही वाचून खात्री करून घेतली.

सिनेमात मिलीला झाला होता तो 'पर्निशियस अॅनिमिया', म्हणजे घातक पंडुरोग. यात पोटाच्या दोषामुळे अन्नातलं बी-१२ हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. एकेकाळी तो खरोखरच जीवघेणा होता. पण १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांना भरपूर कलेजी खाऊ घालून तो आटोक्यात आणून दाखवला. त्या कामासाठी १९३४ साली व्हिपल यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९४८ मध्ये बी-१२ वेगळं काढता आलं आणि इंजेक्शनची सोय झाली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा या रोगावर साधं इंजेक्शन होतं! मिलीला विमानात बसवायची गरजच नव्हती.

सिनेमावाल्यांना मी दोष देत नाही. गोष्ट गोड होती, माणसं गोड होती. पण रोग परदेशात जाऊनच बरा होतो, आणि तो झाला की मरण लिहिलेलंच, एवढंच काय ते आम्ही घेऊन घरी आलो.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही पडद्यावर मला तरी कधी दिसली नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण आपल्या मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, दगावत. ते का, हे तिला शोधायचं होतं. या बायका काय खातात, काय खात नाहीत, हे तिने बारकाईने पाहिलं. शेवटी यीस्टचा स्वस्तातला अर्क, पावाला लावून खातात तो मार्माइट, तिने या बायकांना दिला आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला आणि त्याचं नाव पडलं फोलिक अॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात तीच ही!

म्हणजे बघा, जगभरच्या बायकांच्या गोळीचं मूळ मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या पांढऱ्या तळहातांत आहे. आणि माझी आई त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी गेली. औषध होतं. ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि तिला काही झालंय हेही कुणाला वाटलं नव्हतं.

आता तरी काय बदललंय?

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी. आता बायका शिकल्या, नोकरीला लागल्या. तर मग हे आकडे वाचा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात २५. आपल्या महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४, आणि आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ते ४८ होतं. म्हणजे कमी व्हायचं सोडून वाढलंय! तुमच्या भिशीत दहा जणी असतील, तर त्यांतल्या पाच जणींकडे जरा निरखून बघा.

आणि हल्ली टीव्हीच्या जोडीला फोन आहे. 'सात दिवसांत रक्त दुप्पट!' असा निरोप आठवड्यातून एकदा तरी येतोच. बीटचा रस लाल, म्हणून रक्त वाढतं म्हणे! बीट जरूर खा, पण त्यात लोह बेताचंच असतं. पालकात असतं, पण अंगी कमी लागतं. सहा-सात हिमोग्लोबिनवर बीटचा रस पीत बसणं म्हणजे गळक्या पिंपात वाटीने पाणी ओतणं. आधी गळती कुठे आहे ते बघायला हवं. पाळीत फार जातंय का, मूळव्याध आहे का, पोटात जंत आहेत का, की बी-१२ कमी आहे? शाकाहारी बायकांत हे शेवटचं पुष्कळदा आढळतं, कारण बी-१२ मिळतं ते दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतूनच. शिवाय काहींचा पंडुरोग आनुवंशिक असतो, त्यावर लोहाच्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून तपासणी आधी, उपाय मागून.

मी माझ्या अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी मात्र सांगते. स्वयंपाकघरात जमण्यासारख्या आहेत.

जेवणावर किंवा जेवणाबरोबर चहा-कॉफी घेऊ नका. अन्नातलं लोह त्यामुळे अंगी लागत नाही. तासभर तरी जाऊ द्या. आमच्या पिढीचं निम्मं रक्त या एका कपाने प्यायलंय!

पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. पानात आवळा, कोथिंबीर, पेरू, काही तरी आंबट-ताजं असू द्या. त्याने लोह चांगलं लागतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठीच राखून ठेवू नका. भाजी-आमटी अधूनमधून लोखंडी कढईत करा, मात्र झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

लोहाची गोळी दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. आणि बरं वाटलं म्हणून महिन्यात बंद करू नका. शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

लोह-फोलिकच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. शाळकरी वयातल्या मुलींना आठवड्याला एक निळी, आपल्याला लाल, आणि गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज. लाजू नका, मागा.

आणि पाचवी गोष्ट, जी कुठल्याही डब्यात मिळत नाही. तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काही चावावंसं वाटायला लागलं, तर ती खोड म्हणून सोडून देऊ नका. शरीर काही तरी सांगत असतं.

बातमी

त्या रात्रीकडे परत येते. मी टीव्ही बंद केला. नणंदबाईंना म्हटलं, "बातमी असेल तर आनंदच आहे. पण उद्या दोन्ही तपासण्या होतील. बातमीचीही आणि रक्ताचीही."

सूनबाई म्हणाली, "आई, एवढं काही नाही हो. ऑफिसची दगदग आहे, झोप होत नाही." ऐकलंत? शब्द बदलले, बाकी सगळं तेच! मी तिला माझ्या खोलीत नेलं, दार लावलं आणि जे मला त्या डॉक्टरांनी विचारलं होतं तेच विचारलं. ती आधी गप्प. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ-आठ दिवसांची पाळी, ऑफिसातल्या पांढऱ्या खुर्चीची भीती, सकाळी न खाता पळणं आणि दिवसाला पाच चहा.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. बातमी नव्हती. हिमोग्लोबिन होतं आठ पूर्णांक एक.

१९९३ साली माझी गोष्ट इथेच संपली होती. या वेळी संपू दिली नाही. स्त्री-रोगतज्ज्ञांकडे गेलो, सोनोग्राफी झाली, पाळीवर औषध सुरू झालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलाला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. आधी तो अवघडला. आता रात्री जेवणाआधी तोच गोळी आणि लिंबूपाणी आणून देतो. आमच्या ह्यांनी जेवणावरचा चहा सोडलाय, निदान तिच्यासमोर तरी. आणि जेवायला आम्ही सगळी एकदम बसतो. पातेलं मधे. मागून जेवायची प्रथा आमच्या घरात माझ्या आईबरोबरच संपायला हवी होती. उशीर झाला, पण संपली.

मालिकेतल्या सुनेला आता सातवा महिना लागलाय. ती परवा पुन्हा चक्कर येऊन पडली. या वेळी मात्र नणंदबाईंचाच फोन आला, "वहिनी, हिचं रक्त कुणी तपासलंय की नाही गं?" मी पोट धरून हसले.

आमच्याकडे बर्फाचा ट्रे हल्ली भरलेलाच असतो. शेजारच्या वहिनी अजून अधूनमधून कुंपणावरून डोकावून विचारतात, "काय, सूनबाईंकडून काही बातमी?"

"आहे ना," मी सांगते. "साडेअकरा झालंय. बारा झालं की पेढे देते."